रेडिएटरमधली हळद

इंजिन कुठे गळतंय हे मी नुसत्या वासावरून सांगू शकतो, असं मी १९८२ साली वाशीत छातीठोकपणे सांगत असे. ऐकणारे मान डोलवायचे, कारण सबंध बिल्डिंगमध्ये गाडी असलेला मी एकटाच! गाडी विलायती, वयानं माझ्या थोरल्या मेहुण्याएवढी, आणि पाणी प्यायची म्हशीसारखी. तुर्भ्यापर्यंत जायचं तरी डिकीत चार कॅन भरून घ्यावे लागत. नळाला पाणी आलं नाही की बिल्डिंगमधल्या बायका हंडे घेऊन माझ्या गाडीमागे रांग लावायच्या. खोटं वाटत असेल तर सोडून द्या.

गंमत अशी, की एवढं पाणी जायचं कुठे तेच कळेना. गाडीखालची जमीन कोरडी, पाइप कोरडे, पंप कोरडा. बॉनेटमध्ये डोकं घालून मी तीन रविवार काढले. धुरातून वाफ जात असेल म्हणून सायलेन्सरपाशी आरसा धरला. आरशात मीच दिसलो, काळाठिक्कर.

हे असं वर्षभर चाललं असतं तरी माझी हरकत नव्हती. पण चौथ्या रविवारी वैजूला बेलापूरला न्यायचं होतं.

वैजयंती माझी धाकटी बहीण, शाळेत शिक्षिका. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला तेव्हा ती अठ्ठावीसची होती. तेव्हापासून ती माझ्याकडेच राहायची, आणि कोणी स्थळाचं नाव काढलं की वह्या तपासायला बसायची. या वेळी मात्र कशी कोण जाणे, तयार झाली.

"एकदाच येते, दादा," ती म्हणाली. "नाही जमलं तर पुन्हा हा विषय घरात काढायचा नाही."

मी कबूल केलं. ती म्हणाली बसनं जाऊ. माझी बहीण बघायला-दाखवायला बसनं जाणार? मग गाडी कशाला ठेवलीय!

सकाळी घणसोली गावचा पोपट आला. समोरच्या बांधकामावर वाळूचा ट्रक आणायचा तो. त्यानं बॉनेटमध्ये डोकावून उपाय सांगितला.

"दोन मुठी हलद टाका रेडिएटरमदी. बारीक भोक असंल तर बुजंल. नाय बुजलं, तर पानी कुठं जातंय ते हलदच दावील."

बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळे हळदीचा डबा माझ्या ताब्यात. पोपट म्हणाला दोन मुठी, मी डबाच उपडा केला. औषध कमी पडायला नको.

आणि काय सांगू, गाडी वाऱ्यासारखी निघाली! इंजिन तापल्याचं दाखवणारा काटा जागचा हलेना. गळती बुजली म्हणून मी गाणं म्हणत होतो. वैजू शेजारी बसलेली. नव्या चपला चावत होत्या म्हणून तिनं त्या काढून ठेवल्या होत्या आणि पाय खाली अंथरलेल्या माझ्या जाड गोणपाटावर टेकवले होते. वाटेत एकदाच म्हणाली, "दादा, पायाशी ऊबदार लागतंय."

"विलायती गाडी आहे," मी म्हणालो.

बेलापूरचं स्थळ म्हणजे श्यामसुंदरराव; तुर्भ्याच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. बायको जाऊन चार वर्षं झालेली, घरात ते आणि त्यांची आई चांगुणाबाई. चपला दाराशी काढून वैजू आत गेली, खुर्चीवर बसली. चांगुणाबाई फरशीकडे बघत राहिल्या. दारापासून खुर्चीपर्यंत पिवळ्या पावलांची रांग! वैजूचे पाय घोट्यापर्यंत पिवळेधमक, नवरीचे असतात तसे.

वैजूनंही तेव्हाच पाहिलं. सहा वर्षं हळदीकुंकवाची ताटं तिला वगळून पुढे जात होती. तिनं पाय साडीत ओढून घेतले.

"ही हळद कसली?" चांगुणाबाईंनी विचारलं.

मी म्हणालो, काल एका लग्नात होतो. कोणाच्या? पोपटच्या. पोपट कोण? ट्रकवाला. ट्रकवाल्याच्या लग्नात हिच्या पायांना हळद का? आता माघार कशी घेणार? त्यांच्या घणसोलीत समोर येईल त्याला लावायची पद्धत आहे, म्हणून ठोकून दिलं.

"आम्ही घणसोलीत अकरा वर्षं भाड्यानं राहिलो," चांगुणाबाई म्हणाल्या. "अशी पद्धत कधी पाहिली नाही."

"दादा, पुरे." वैजू उठली. "गाडीत काहीतरी गळलं, आई. माझ्या लक्षात नाही आलं. आम्ही निघतो."

संपलं सगळं, मी मनात म्हटलं. तोवर एक शब्द न बोललेले श्यामसुंदरराव अचानक म्हणाले, "कोमट होतं की गरम?"

वैजू थबकली. "कोमट."

"सारखं, की थांबून थांबून?"

"चढ लागला की जास्त. आधी डाव्या पायावर."

"तेलकट?"

"नाही." ती जरा थांबली. "हळदीचा वास येत होता. पण मला वाटलं, भास होतोय."



"भास नव्हता," श्यामसुंदरराव म्हणाले, आणि पाने-पक्कड घ्यायला आत गेले.

डॅशबोर्डखाली जी पेटी मी चार वर्षं सगळ्यांना बंद पडलेला रेडिओ म्हणून दाखवत आलो, ती निघाली थंड देशात पाय शेकायची पेटी. इंजिनाचं गरम पाणी तिच्यातून फिरायचं. तिचाच जोड सुटला होता, आणि गळलेलं सगळं माझं गोणपाट निमूटपणे पिऊन टाकत होतं. श्यामसुंदररावांनी पेटीचे दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडून टाकले. वैजू बॅटरी धरून बसली होती. पंधरा मिनिटांचं काम, पण दोघं तासभर गाडीतच. चांगुणाबाईंनी आणि मी पोहे संपवले, त्यांच्या दोघांचेसुद्धा.

दोघं आत आली तेव्हा श्यामसुंदररावांचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. चांगुणाबाईंनी गरम पाणी काढलं, साबण आणला. "ये पोरी, पाय धुऊन घे. निघेल."

वैजूनं पायांकडे पाहिलं. पाहतच राहिली.

"राहू द्या, आई," ती म्हणाली. "जाईल तेव्हा जाईल."

श्यामसुंदररावही हात धुवायला गेले नाहीत. तसेच उभे राहिले, पिवळे.

मी आपला शहाणा! म्हटलं, "अगं, रॉकेल चोळ, दोन मिनिटांत साफ होईल."

तिघांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी गुपचूप बाहेर जाऊन गाडीत बसलो. हाक मारतील म्हणून तासभर थांबलो. कोणाला माझी आठवणसुद्धा झाली नाही.