बिनफ्लॅशचे आपटे

आपटे आमच्या घरी आले की चपला काढायच्या आधी ट्यूबलाइट बंद करत.

"हां," काळोखातून समाधानी आवाज येई, "आता दिसायला लागलात."

बायको बहुधा तेव्हा पोहे परतत असे. "आपटे भावजी, मला कढई दिसत नाहीये!"

"वहिनी, खिडकीतला उजेड बरोब्बर डाव्या गालावर आलाय. हलू नका."

ती हलायची नाही आणि पोहे करपायचे. लखनौच्या मराठी मंडळींत आमच्याकडचे पोहे जरा जास्तच खमंग असतात अशी जी ख्याती होती, तिचं श्रेय आपट्यांना आहे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघं एकाच संशोधन संस्थेत होतो. आपटे शास्त्रज्ञ, मी ग्रंथपाल. म्हणजे ते शोध लावत आणि मी पुस्तकं शोधत बसे. आपटे मूळचे मिरजेचे, वय पंचावन्नच्या आसपास, लग्न केलेलं नाही. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली बिया बघायच्या आणि संध्याकाळी कथक करणाऱ्यांचे फोटो काढायचे, तेही फ्लॅश न वापरता, हा त्यांचा संसार. न्हाणीघराची त्यांनी डार्करूम केली होती. त्यामुळे आठवड्यातून दोनदा ते टॉवेल खांद्यावर टाकून आमच्या दारात उभे राहत. "फोटो धुवायला घेतलेत. माझी आंघोळ आज तुमच्याकडे."

आपट्यांना कथकच्या नादी मी लावलं, आणि तेसुद्धा माझ्या बावळटपणामुळे.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा दहा वर्षांची होती. ती मराठी ऐकायची आणि उत्तरं हिंदीत द्यायची. चौक नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका घरात ती कथक शिकायला जाई. शिकवणाऱ्या होत्या पासष्टीच्या, काडीसारख्या बारीक, पांढऱ्या चिकनकामाच्या साडीतल्या एक विदुषी. त्यांना सगळे 'गुरुजी' म्हणत. खांबांचं मोठं दालान, मध्ये एक पिवळा बल्ब, कोपऱ्यात तबला घेऊन बसलेले खाँ साहब. मी आपट्यांना एकदा सहज सोबत नेलं. माझ्याकडे मेहुण्याने दिलेला आयता कॅमेरा होता. मुक्ता गिरक्या घेत असताना मी अभिमानाने बटण दाबलं. फ्लॅश उडाला, पोरीचे डोळे दिपले आणि ती थेट खाँ साहबांच्या डग्ग्यावर जाऊन बसली. फोटोत तिचा एक पाय आणि डोळे लालभडक झालेले खाँ साहब आले.

"थोबाडीत मारलीत पोरीच्या," आपटे म्हणाले. "फ्लॅश म्हणजे थोबाडीत मारणं. माणसाला न विचारता."

त्या दिवसापासून मी कॅमेरा घरी ठेवू लागलो आणि आपटे त्यांचा घेऊन येऊ लागले.

त्यांची पद्धत अशी. कमी उजेडात भागावं म्हणून चारशे स्पीडचा रोल सोळाशेचा समजून वापरायचा आणि धुताना जास्त वेळ ठेवायचा. खांबाला पाठ टेकायची, कोपर बरगड्यांत रुतवायचं, श्वास रोखायचा. एवढं करूनही नाचणारं माणूस थांबणार थोडंच! पण आपट्यांच्या ध्यानात आलं की ते थांबतं. गिरक्या घेत घेत समेवर येतं आणि तिथे क्षणभर मूर्तीसारखं उभं राहतं. "त्या क्षणात एक अष्टमांश सेकंद असतो," आपटे म्हणत. "तेवढा माझा." तो सापडावा म्हणून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते ताल शिकले. स्कूटरवर मागे बसून माझ्या पाठीवर तीनताल मोजत. समेला जरा जोरात लागे. फोटो मात्र असे येत की मी पाठ विसरे. घेर धुरासारखा विरघळलेला आणि त्या धुरात एक चेहरा स्तब्ध.

वर्षभर सगळं छान चाललं. फक्त एक अडचण होती, आणि ती मला कळायला हवी होती. आपटे त्या विदुषींना कुठल्याच नावाने हाक मारत नसत. 'गुरुजी' त्यांच्या तोंडात बसेना. त्यांच्या लेखी गुरुजी म्हणजे टोपी घातलेले, छडी घेतलेले, मिशीवाले. स्त्रीला गुरुजी कसं म्हणायचं? म्हणून ते नुसतं 'अहो' आणि 'ज़रा सुनिए'वर भागवत.

वार्षिक कार्यक्रमाच्या आधीची तालीम होती. मुलींचे आईवडील, शेजारपाजारचे जाणते लोक असे बरेच जण दालनात बसले होते. गुरुजींनी स्वतः उठून दोन तुकडे करून दाखवले. दुसऱ्याच्या समेवर त्या अशा काही थांबल्या की आपट्यांचं भान गेलं.

"वाह बाई!" ते ओरडले. "क्या बात है, बाई!"

खाँ साहबांचा हात तबल्यावरच राहिला. एका मुलीच्या आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. गुरुजी हळूच वळल्या आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाल्या, "साहब, आपने इतने दिन बहुत तकलीफ़ उठाई. अब आगे से ज़हमत न फ़रमाइएगा."

परतताना आपटे खुशीत होते. "काय अदब आहे हो या लोकांत! माझी तकलीफ काढली त्यांनी."

स्कूटरवर पुढे उभी असलेली मुक्ता रडवेली झाली होती. "अंकल, उन्होंने आपको निकाल दिया है. यहाँ बाई नहीं बोलते. गुरुजी को तो बिलकुल नहीं. वो गंदा होता है."

मिरजेच्या शाळेत बाई म्हणजे बाई. पण लखनौत, त्यातून जिथे एकेकाळी कोठे होते त्या चौकात, त्यातून नाचणाऱ्या स्त्रीला भरल्या दालनात बाई म्हणणं म्हणजे तिला हात धरून कोठ्यावर नेऊन बसवणं. उभा जन्म ज्या विदुषींनी त्या एका शब्दापासून नाच सोडवून आणण्यात घातला, त्यांना आपट्यांनी तोच परत दिला होता. मी त्या गावात अठरा वर्षं राहत होतो. सगळे शब्दकोश माझ्या ताब्यात होते. आणि मला आपट्यांना सावध करायचं सुचलं नव्हतं.

"थांबवा," आपटे म्हणाले. रस्त्यात उतरले आणि चालत घरी गेले.

पुढचे पंधरा दिवस वाईट होते. आपटे आंघोळीला येत नव्हते, म्हणजे फोटो धुतले जात नव्हते. संध्याकाळी त्यांच्या घरात दोन्ही ट्यूबलाइट ढणढणत असत, मला त्याचीच जास्त काळजी वाटे. एकदा बायकोने त्यांना ओढून जेवायला आणलं आणि मुद्दाम दिवा घालवला. "राहू द्या, वहिनी," ते म्हणाले, आणि स्वतः उठून लावला.

"अहो, जाऊन माफी मागा ना," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडाने? त्यांचं दार बंद झालं ते झालंच. पण त्या मला तसला माणूस समजत असतील, याने झोप लागत नाही हो."

शेवटी पत्र लिहायचं ठरलं. हिंदीत. आपट्यांनी सहा कागद फाडले, सातवा माझ्याकडे तपासायला आणला. मी चष्मा लावून तपासला आणि उत्तम आहे म्हणून सांगितलं. मुक्ताने तो दुसऱ्या दिवशी क्लासला नेला.

संध्याकाळी ती उड्या मारत परत आली. "पापा, गुरुजी इतना हँसीं, इतना हँसीं! तीन बार पढ़वाया. अंकल को बुलाया है. और पापा, आप तो लाइब्रेरियन हो ना? आपने भी नहीं देखा?"

आपट्यांनी लिहिलं होतं, 'मुझसे घोर अपराध हुआ है. इसके लिए मैं आपकी कोई भी शिक्षा भोगने को तैयार हूँ.'

आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. सज़ा हा शब्द आम्हा दोघा विद्वानांना सुचला नव्हता.

आम्ही गेलो तेव्हा ऊन अंगणातून निघत होतं. आपटे उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आइए साहब," गुरुजी म्हणाल्या. "हमारी शिक्षा भोगने आए हैं? ये बच्चियाँ भी बरसों से भोग रही हैं."

मुली खिदळल्या. आपटे हसले नाहीत. पाठ करून आणल्यासारखे बोलू लागले. "हमारे मिरज में बाई याने टीचर. मेरी माँ टीचर थी. मैं उसी के वर्ग में था. शाला में माँ नहीं बोलने का, बाई बोलने का, ऐसा उसने सख्त बोला था. फिर घर में भी मुँह से बाई ही निकलता था. बाद में वो गई." त्यांनी गळ्यातल्या कॅमेऱ्याचा पट्टा सारखा केला. "माँ बोलने का रह ही गया."

खाँ साहबांनी मान खाली घातली. गुरुजी उंबऱ्यापर्यंत आल्या आणि आपट्यांना आत घेऊन गेल्या.

"ये लफ़्ज़ हमारी चौखट पर बहुत बार आया है, साहब," त्या म्हणाल्या. "इस तरह पहली बार आया. कोई तस्वीर है उनकी?"

"एक है. शाला के ग्रुप में. फोटोवाले ने फ्लैश मारा और उसने आँखें मींच लीं."

हा माणूस आठ वर्षं माझ्या न्हाणीघरात आंघोळ करत होता. फ्लॅशचा राग ही मी आजवर कलेची बाब समजत होतो.

"क्लास में कैसे खड़ी होती थीं? दिखाइए."

आणि आपट्यांनी दाखवलं. पदर कमरेला खोचला, खडू धरला, फळ्यावर लिहिता लिहिता मान मागे वळवून बडबड करणाऱ्या पोराकडे बघितलं. शर्ट-पँटमधला, पोट सुटलेला शास्त्रज्ञ भर दालनात आपली आई झाला होता. मुलींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. गुरुजींनी एका नजरेत त्यांना गप्प केलं, उठल्या आणि खाँ साहबांना खूण केली.

ठेका हलकाच सुरू झाला. त्या चार पावलं चालल्या. पदर खोचला. हवेतल्या फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, बोटांवरचा खडू झटकला. मग समेवर फक्त मान वळली आणि त्या तशाच थांबल्या. नजर शेवटच्या बाकावर. तिच्यात रागावणं होतं आणि दाबलेलं हसूही होतं. बल्ब अजून लावलेला नव्हता. खाँ साहब पुढची मात्रा वाजवेचनात, इतका वेळ त्या थांबल्या.

आपट्यांच्या कॅमेऱ्याचा खटका पडल्याचा आवाज मी ऐकला.

चार दिवसांनी आपटे ओल्या केसांनी आमच्या न्हाणीघरातून बाहेर आले आणि माझ्यासमोर फोटो ठेवला. संपूर्ण हललेला होता. चेहऱ्याच्या जागी नुसता एक उजेडाचा ओरखडा.

"अरेरे," मी म्हणालो. "एवढ्या थांबल्या होत्या, तरी गुरुजी हलल्याच की."

आपट्यांनी फोटो हातात घेतला आणि खिडकीकडे नेला.

"बाई नाही हलल्या," ते म्हणाले. "मागचा खांब बघा. तोही हललाय."