बाजारतळावरची भरती

कोणतंही जंगल आधी कागदावर उगवतं. जमिनीवर उगवणं ही त्याची नंतरची, आणि ऐच्छिक, अवस्था आहे. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाला ही गोष्ट फार लवकर कळली, याचा नगर परिषदेच्या वृक्ष समितीचा सदस्य म्हणून मला अभिमान वाटतो.

आमच्या शहरी वनाचा इतिहास थोडक्यात असा. निजामाच्या अमदानीत जुन्या बाजारतळावर बाभळीचं बन होतं. मग तिथं बाजार भरू लागला, बन संपलं. मग बाजार हलला आणि उकिरडा आला. अलीकडं तिथं एकशे बारा रोपं लावली (लिंब, करंज आणि एक जांभूळ) आणि पाणी घालायला धुरपदाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंना रोजंदारीवर ठेवलं. रोपं जगली, फोफावली. यात शास्त्रीय असं काहीच नव्हतं.

ती उणीव भरून काढायला आम्ही आराखडा मागवला. नवा करायची तसदी कोण घेणार? समुद्रकाठच्या एका मोठ्या शहराचा, बक्षीस मिळालेला, एकशे ऐंशी पानी आराखडा आणला आणि शहराचं नाव तेवढं बदललं. समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटर (हा मुद्दा सभेत कुणी काढला नाही, चहा आला होता). ‘खाडी’च्या रकान्यात बसस्टँडमागचा नाला लिहिला. पान त्रेसष्टवर ‘पाणीपुरवठा’ या मथळ्याखाली स्पष्ट छापलं होतं: आवश्यकता नाही, दिवसातून दोन वेळा भरती येते. साहजिकच धुरपदाबाईंची जागा रद्द झाली आणि भरतीची नोंदवही सुरू झाली.

वही शिवप्रसाद नावाच्या कारकुनाकडं आली. माणूस प्रामाणिक. रोज सकाळी नि संध्याकाळी तो जातीनं बाजारतळावर जाई, जमीन ओली आहे का बघे, आणि ओली दिसली की ‘भरती आली’ असं लिहून सही करी. डोळ्यांना दिसलं त्यापलीकडं त्यानं कधी काही लिहिलं नाही.

जमीन ओली कशी, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. धुरपदाबाई हापशावरून हंडे आणत. सकाळी तीस, संध्याकाळी तीस. जागा रद्द झाल्याचं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “झाडाला ठराव कळत न्हाई, भाऊ.” (पौर्णिमेला त्यांचा उपास असे, हंडे कमी पडत. आराखड्याप्रमाणं पौर्णिमेला भरती मोठी यायला हवी. शिवप्रसादनं ‘स्थानिक वैशिष्ट्य’ अशी टीप घातली.)

पुढच्या वर्षी आमच्या वनाला शाश्वततेचं पारितोषिक मिळालं. किनारी शहरांच्या गटात, दुसरं. आम्ही फेटे बांधून फोटो काढले.

त्याच आठवड्यात धुरपदाबाई समितीपुढं आल्या. गुडघे गेलेत, हापसा लांब पडायलाय, बाजारतळावर एक नळ द्या, एवढंच मागणं. “मला रोज नगं. नळ द्या. मी बसले की झाडं जायची.” समितीनं पाऊण तास विचार केला. नळ द्यायचा म्हणजे भरती पुरत नाही असं लेखी कबूल करायचं, मग पारितोषिकाचं काय? अर्ज नामंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मी तिसरा होतो.

माघात बाई बसल्या. वहीत ओहोटी लागली. सलग एकवीस दिवस ओहोटी पाहून समिती गंभीर झाली आणि ज्यांचा आराखडा होता त्या शहराला आम्ही पत्र धाडून कारण विचारलं. उत्तर तत्परतेनं आलं: आमच्याकडे नियमित येते.

पाडव्याच्या सकाळी गाव गेल्या वर्षीसारखं गुढीसाठी लिंबाचा डहाळा तोडायला बाजारतळावर गेलं आणि हात हलवत परत आलं. तेव्हा कुठं लोक चिडले, निवेदनं दिली, दोघांनी उपोषणाचा इशारा दिला. धुरपदाबाईंकडं मात्र कुणी फिरकलं नाही. मी गेलो, समितीच्या वतीनं. त्या बाजेवर पडून होत्या. दुखण्याचं काही बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, “जांभळाला पानी कोन घालायलंय?”

एकशे बारांतली नऊ झाडं उरली होती. जांभूळ त्यांत नव्हतं. मी म्हणालो, भरती येते. त्यांनी मान हलवली आणि कूस बदलली. मला लाज वाटली, याची नोंद कुठल्या वहीत करायची ते ठाऊक नाही, म्हणून इथं करतो.

तुम्ही आम्हाला हसत असाल, हसा. हसून झालं की एक सांगा. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्या झाडाखाली तुम्ही उन्हाळ्यात गाडी लावता, त्याला पाणी कोण घालतं? “घालत असेल नगरपालिकेचं कुणीतरी,” म्हणालात ना? आमच्या वहीत त्यालाच भरती म्हणतात.