भुजंगरावांच्या राज्यांत गुप्त चिठ्ठी पडली त्याचें वर्तमान

॥ श्रीशारदा वरद ॥ पाटीवर पहिलें अक्षर काढणारांचें आणि हात धरून काढविणारांचें कल्याण असो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीं गुरुजनांच्या राज्यांत गादीचा प्रश्न उपस्थित जाहला, त्याची हकीकत ऐसी जे:

हें राज्य म्हणजे शाळामास्तरांचा संघ. यास किल्ला नाहीं, फौज नाहीं, परंतु तालुक्यांतील यच्चयावत् शिक्षक याची रयत, आणि गादीवर अध्यक्ष भुजंगराव देवकुळे ऊर्फ अप्पासाहेब विराजमान. भुजंगराव मोठे कर्ते पुरुष. कोणावर कचेरींत अन्याय जाहला तर स्वतां जाऊन साहेबांसमोर ठाण मांडावें आणि काम करूनच उठावें, कोणी आजारी पडला तर उशाशीं जाऊन बसावें, ऐसी ख्याती. परंतु त्यांस विरोध सोसत नसे. निवडणूक भरसभेंत हात वर करून होई. भुजंगरावांनीं व्यासपीठावरून नजर फिरवावी आणि सर्वांनीं हात वर करावे, हा शिरस्ता. मागील खेपेस नागनाथ बिडवे म्हणोन विज्ञानाचे शिक्षक, त्यांनीं मात्र हात खालीं ठेविला, आणि मग महिना उलटला नाहीं तों त्यांची बदली घाटाखालील वाडीस जाहली. भुजंगराव म्हणाले, "सरकारी काम, आपला काय संबंध?" परंतु तेव्हांपासोन राज्यांत भय बैसलें, आणि दोघे शिक्षक बोलत असतां तिसरा आला तर पीकपाण्याच्या गोष्टी निघूं लागल्या.

यंदा त्याच बिडव्यांनीं उमेदवारी दाखल केली. मग निवडणूक अधिकारी कोण, ऐसा विचार पडला, तेव्हां भुजंगरावांनींच अनसूयाबाई टेंभुर्णे यांचें नांव सुचविलें. बाई मुख्याध्यापिका, स्वभाव मवाळ, आणि पूर्वीं यजमान अंथरुणास खिळले तेव्हां भुजंगरावांनींच खटपट करून बाईंस घराजवळची शाळा मिळवून दिली होती. माणूस आपलें आहे, ऐसें भुजंगरावांनीं मनांत म्हटलें, आणि बिडव्यांचे पक्षानेंही तेंच म्हणोन आशा सोडिली. परंतु मतदान गुप्त असावें हा संघाचा मूळचाच नियम, कोणी पाळीत नसे इतकेंच. बाईंनीं जाहीर केलें कीं यंदा हात वर होणार नाहींत, चिठ्ठी पेटींत पडेल आणि मोजणी सर्वांदेखत होईल.

हें ऐकोन भुजंगराव दिवेलागणीस बाईंच्या घरीं आले. बाईंनीं चहा दिला. भुजंगराव म्हणाले, "बाई, मजवर अविश्वास?"

"नाहीं अप्पासाहेब."

"मग आडपडदा कशास? ज्यास मी नको त्यानें तोंडावर सांगावें."

बाई खालमानेनें म्हणाल्या, "बिडवे सरांनीं सांगितलें होतें."

यावर भुजंगरावांनीं कपबशी खालीं ठेविली. मग आंतील खोलीकडे पाहोन म्हणाले, "यजमानांची प्रकृती कशी आहे? शाळा जवळ आहे म्हणोन बरें." बोलणें साधेंच, परंतु त्यांतली मेख बाईंस कळली. ते गेले, आणि मग बाई यजमानांच्या खाटेशीं बसल्या आणि म्हणाल्या, "उद्या मला लांब टाकलें तर तुम्हांला पाणी कोण देईल?" यजमान म्हणाले, "त्यांचे उपकार आपल्या घरावर आहेत, खरें आहे. पण ते तालुक्याच्या मतानें फेडूं नकोस." बाईंस जेवण गेलें नाहीं.

मतदानाचे दिवशीं शाळेच्या सभागृहाच्या कोपऱ्यांत सतरंजी टांगून आडोसा केला आणि शिक्षक रांगेनें उभे राहिले. भुजंगरावांचे उजवे हात रंगनाथ मोकाटे आडोशालगत येऊन उभे राहिले, आणि त्यांस पाहतांच रांग थबकली, कोणी पुढें सरकेना. बाई म्हणाल्या, "मोकाटे सर, तेथून हला."

"मी नुसता उभा आहें."

"मग आपण हलेपर्यंत मतदान बंद." ऐसें म्हणोन बाईंनीं पेटीच्या फटीवर तळवा ठेविला. मग एकेक मान वळली आणि सर्वजण भुजंगरावांकडे पाहूं लागले, आणि कोणी नजर खालीं घेईना. भुजंगरावांस घाम आला. अखेर म्हणाले, "मोकाटे, इकडे या." आणि रांग हलली.

मोजणी जाहली. बाईंनीं चिठ्ठी उचलावी, दोन्ही पक्षांस दाखवावी, मोठ्यानें वाचावी. कधीं बिडवे पुढें, कधीं भुजंगराव, आणि ऐसें होतां होतां भुजंगराव नऊ मतांनीं विजयी जाहले. मोकाट्यांनीं जयघोष केला, परंतु भुजंगराव उठले नाहींत. बाईंस हळूच म्हणाले, "जवळजवळ निम्मे मजविरुद्ध? कोण हे?"

बाई म्हणाल्या, "मलाही ठाऊक नाहीं, अप्पासाहेब. आतां कोणासच कळायचें नाहीं." मग बिडवे आले आणि नमस्कार करून म्हणाले, "एकाचें मी सांगतों. माझें मत मींच मला दिलें." भुजंगरावांस हसूं आलें, आणि लागलीच मावळलें.

पुढें कैक दिवस पोस्टमन फाटकाशीं आला कीं बाईंचा जीव वरखालीं होई. बदलीचा हुकूम आला नाहीं. भुजंगराव मात्र शाळोशाळीं फिरूं लागले. समोरचा शिक्षक नमस्कार करी, आणि हा त्यांतला कीं ह्यांतला हें त्यांस उमगेना, म्हणोन सर्वांचीच विचारपूस करावी, सर्वांचींच कामें करावीं, आणि घरीं जाऊन पुनः चिंता करावी. त्यांच्याच खटपटीनें चैत्रांत बिडवेही घाटावर परत आले.

तात्पर्य, राजा तोच राहिला आणि भयानें घर बदललें. पूर्वीं तें रयतेच्या पोटीं होतें, तें आतां गादीवर जाऊन बसलें, आणि रयतेस कांहींशी झोंप लागूं लागली. जाहलें तैसें लिहिलें. उणें दिसल्यास शहाण्यांनीं तांबड्या शाईनें दुरुस्त करावें. इति.