परबबाईंच्या मजल्यावरची शांतता

‘आज उकडतंय’ एवढं म्हटलं तरी आमच्या परबबाई विचारतात, ‘‘पुरावा?’’ लालबागच्या चाळीत त्या माझ्या शेजारच्या खोलीत एकट्या राहतात. सगळी नोकरी परळच्या एका प्रयोगशाळेत झाली, आता निवृत्त आहेत. एकदा मी कौतुकाने सोलकढी नेली आणि म्हटलं, मस्त झालीय. ‘‘कोण म्हणतं? तू एकटीच ना? मग ते तुझं मत झालं गो लता.’’ अशा बाईला पुन्हा कोण सोलकढी देईल? मी देते. माझंच डोकं फिरलेलं, दुसरं काय.

या बाईंना एक नाद आहे. ज्यांच्या घरातलं आजवर कुणी प्रयोगशाळेची पायरी चढलेलं नाही, अशाच पोरापोरींना त्या पीएचडीच्या मुलाखतीसाठी तयार करतात. ‘‘बाप डॉक्टर आहे? मग तो शिकवील,’’ म्हणून एकाला दारातूनच परत पाठवलं. सरावासाठी त्यांना परीक्षक लागतात. ते कोण? तर मी आणि आमचे हे. मी मुलाखत चालू असताना मोबाइल बघायचा आणि यांनी जांभया द्यायच्या. यांना ते काम फार झकास जमतं. मला एकदा पोराची दया आली आणि मी हसून मान डोलावली, तर बाई माझ्यावरच खेकसल्या, ‘‘तिथं काय तुझी मावशी बसणार आहे मान डोलवायला?’’

कफ परेडच्या मच्छीमार नगरातली प्रणाली बाईंकडे वर्षभर येत होती. आई मासे विकते, पोरगी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी. हुशार, पण गेल्या वर्षी मुलाखतीत तोंडातून ब्र निघाला नव्हता. यंदा जमलं नाही तर शिक्षण सोडून औषध कंपनीत नोकरी धरायची, असं तिनं घरी कबूल केलं होतं. पण आमच्याकडे काय बोलायची! माझा मिक्सर, यांचा टीव्ही, खाली पथकाचे ढोल, या सगळ्यावर आवाज चढवून बाईंशी भांडायची.

मुलाखत लॅपटॉपवर होती. घरी नेट टिकत नाही म्हणून ती बाईंच्या खोलीत बसणार होती. बाईंनी आदल्या दिवशीच मजल्यावर फर्मान काढलं. कुकर नाही, टीव्ही नाही, शिंक आली तर जिन्यात जाऊन द्यायची. पथकातल्या पोरांनाही दम भरून आल्या. एवढी सामसूम मी या चाळीत कधी ऐकली नव्हती.

प्रणाली आत बसली, दार ओढून घेतलं. बाई आणि मी बाहेर गॅलरीत. आतून परीक्षकांचा प्रश्न ऐकू आला. मग काहीच नाही. परीक्षकांनी पुन्हा विचारलं, आवाज येतोय का तुम्हाला? ‘‘येस सर,’’ एवढंच, आणि परत गप्प.

‘‘बाई, आत जा ना.’’

‘‘खोलीत दुसरं कुणी दिसलं तर तिला बाद करतील.’’ बाईंनी कठडा गच्च धरला होता. मग एकदम माझ्याकडे वळल्या. ‘‘लता, ही पोर शांततेत कधी बोललीच नाही गो. आपण तिला गोंगाटातच शिकवलं. जा, मिक्सर लाव.’’

‘‘अहो, तुम्हीच तर...’’

‘‘लाव म्हणते ना.’’

मी धावले. हाताला आलं ते खोबरं मिक्सरमध्ये टाकलं. यांनी टीव्हीवर मालिका लावली, तीही मोठ्याने. बाई स्वतः माझा खलबत्ता उचलून गॅलरीत बसल्या आणि रिकामाच कुटायला लागल्या. मिक्सर थांबवून मी कान दिला. आतून प्रणाली बोलत होती. आधी अडखळत, मग बाईंशी भांडताना बोलते तशी, ठणठणीत. एका परीक्षकाचं तर तिनं वाक्यच मधे तोडलं.

बाहेर आली तेव्हा घामाने भिजली होती. म्हणाली, ‘‘मॅडम, त्यांनी विचारलं, घरात बरीच माणसं आहेत का? मी म्हटलं, हो सर, मॅडमचं घर भरलेलं असतं.’’

बाई बत्ता हातात धरून बसून राहिल्या.

निवड झाली. जून संपता संपता प्रणाली बंगळुरूला गेली. गाडीत बसवून बाई परत आल्या त्या थेट माझ्या स्वयंपाकघरात.

‘‘मिक्सर लावतेस?’’

‘‘काय वाटायचंय?’’

‘‘काही नाही गो. खोलीत बसवत नाही. फार शांत वाटतं.’’

वाटण लागणार नव्हतं, तरी मी नारळ फोडला. बाई स्टूल ओढून माझ्या अगदी जवळ बसल्या. मला फार वाईट वाटलं. पुरतं बारीक झालं तरी मी मिक्सर बंद केला नाही.