आठ सेकंदांची वेबसाइट

"आठ सेकंद!" स्टॉपवॉचचा खटका दाबून घड्याळजी मटकन खुर्चीत बसले. "अगं, आठ! एवढ्यात माणूस बूट घालून निघूनसुद्धा जाईल!"

कॉम्प्युटरसमोर बसलेल्या त्यांच्या लेकीचा चेहरा पडला. घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची वेबसाइट तिनं दोन महिने खपून बनवली होती. ती सुरू झाल्या दिवशी उघडायला चार सेकंद लागले होते. आठवड्यात सहा झाले, आणि आज तीन आठवड्यांनी आठ. तीन सेकंदांत न उघडणारी वेबसाइट गिऱ्हाईक बघत नाही, असं घड्याळजींनी पेपरात वाचलं होतं. तेव्हापासून स्टॉपवॉचचा मुक्काम कॉम्प्युटरच्या भल्यामोठ्या स्पीकरवर होता. सकाळी तेवढं ते स्वयंपाकघरात जाई, कारण या घरात अंडीसुद्धा स्टॉपवॉच लावून उकडत. आठ मिनिटं म्हणजे आठ मिनिटं.

"बाबा, मी फोनमधल्या स्टॉपवॉचवर मोजलं. चारच सेकंद लागतायत."

"फोनला वेळ कळायला लागली, तर मी दुकान कशाला उघडतो?"

ते स्टॉपवॉच घड्याळजींच्या वडिलांचं होतं. एक वेळ सूर्य उशिरा उगवेल, पण स्टॉपवॉच चुकणार नाही, अशी त्या घराची ठाम समजूत होती.

एरवी लेकीनं दुर्लक्ष केलं असतं. पण आज अकरा वाजता पोहण्याच्या शाळेच्या मुख्य प्रशिक्षक बाई ही वेबसाइट बघणार होत्या. त्यांच्याकडे चाळीस स्टॉपवॉच होती आणि ती सगळी वर्षभर सांभाळायचं काम कोणाला द्यायचं, हे त्या आज ठरवणार होत्या. हे काम मिळालं नाही, तर महिनाअखेर शटर खाली ओढायचं, असं घड्याळजींनी बायकोला सांगून टाकलं होतं. आणि सांगून होताच ते खोकल्याचं निमित्त करून उठून गेले होते.

"काहीतरी काढून टाक," ते म्हणाले. "जड काय आहे त्यात?"

"फोटो जड आहेत."

सदतीस घड्याळांचे फोटो गेले. सहा सेकंद. मग उघडल्याबरोबर वाजणारी टिकटिक गेली, गिऱ्हाइकांनी लिहिलेलं कौतुक गेलं. पाच सेकंद. लेकीनं रात्ररात्र जागून केलेला झुलत्या लंबकाचा देखावा गेला, तेव्हा तिनं नुसतं नाक ओढलं. चार.

"जड असा आता आजोबांचा फोटोच राहिलाय," ती हळूच म्हणाली.

घड्याळजींनी पडद्यावरच्या फोटोवरची धूळ बाहीनं पुसली. मग म्हणाले, "काढ. ते असते तर त्यांनीच आधी काढला असता."

साडेतीन!

दहा पंचावन्न झाले. घड्याळजींना घाम फुटला. "अजून काढ! काहीही काढ!" लेकीनं कामाची माहिती काढली, फोन नंबर काढला. उरलं काय, तर पांढऱ्या पानावर दुकानाचं नाव आणि पत्ता.

"दोन सेकंद!" घड्याळजी आनंदानं ओरडले. लेक त्या पांढऱ्या पानाकडे बघत राहिली. धुऊन पुसून रिकामं केलेलं घर दिसावं, तसं ते दिसत होतं.

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. फोन वाजला नाही. तो कसा वाजणार, हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं आणि घड्याळजी पांढरे पडले.

तेवढ्यात दार ढकलून प्रशिक्षक बाईच आत आल्या. गळ्यात दोरीला लटकवलेलं स्टॉपवॉच.

"तुमची वेबसाइट बघितली," त्या म्हणाल्या. "आत काहीच नाही हो! म्हटलं, पत्ता तरी आहे, जाऊन बघावं काय प्रकार आहे ते."

"पण उघडली किती झटकन! दोन सेकंदांत!" घड्याळजींनी तेवढ्यातही छाती पुढे काढली.

"एका. मी मोजलं ना."

"दोन, बाई."

"एक."

पोहणाऱ्यांचे शतांश सेकंद मोजण्यात जन्म गेलेली बाई, आणि समोर घड्याळजी. मागे कोण हटणार? दोघांनी एकदम खटका दाबला, एकदम थांबवला. बाईंचं स्टॉपवॉच दहा सेकंद दाखवत होतं. घड्याळजींचं, वीस.

भिंतीवर सदतीस घड्याळं टिकटिकत होती आणि तीन आठवड्यांत त्यांतल्या एकाशीही स्टॉपवॉच ताडून बघावं, असं कोणाला सुचलं नव्हतं.

घड्याळजींनी स्टॉपवॉचचं मागचं झाकण उघडलं. आतल्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले होते, म्हणूनच ते दुप्पट पळत होतं. त्यांनी टेबलावरची टाचणी जवळ नेली. टाचणी टपकन चिकटली. मग त्यांची नजर सावकाश स्पीकरकडे वळली.

"स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं," ते पुटपुटले. "हे मी... मी लोकांना सांगतो!"

त्यांनी चुंबक उतरवायचं यंत्र काढलं, स्टॉपवॉच त्यावरून फिरवलं, स्प्रिंग सोडवली. पुन्हा दोघांनी खटके दाबले. दहा आणि दहा.

"किती वेळ लागला दुरुस्तीला?" बाईंनी विचारलं.

"चार मिनिटं. आणि उघडून बघायचं सुचायला तीन आठवडे," घड्याळजी मान खाली घालून म्हणाले.

बाई खळखळून हसल्या. "चाळीस आहेत माझी. उद्या पाठवते. फक्त त्या स्पीकरवर ठेवू नका."

बाई गेल्यावर लेकीनं सगळं परत जागेवर आणलं, सर्वांत आधी आजोबांचा फोटो. वेबसाइट चार सेकंदांत उघडली, पहिल्या दिवशी उघडली होती तशीच. घड्याळजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "थांबणारा थांबेल चार सेकंद," ते म्हणाले.

आतल्या दारात त्यांची बायको केव्हापासून उभी होती.

"अहो, म्हणजे तीन आठवडे अंडी कच्ची राहत होती ती..."

घड्याळजी एकदम टेबलावरच्या टाचण्या गोळा करू लागले.

"मला पाणी उकळता येत नाही म्हणालात. वर माझ्या माहेरच्यांनाही अंडी उकडता येत नाहीत म्हणालात."

घड्याळजींनी घसा साफ केला. लेकीकडे बघितलं, छताकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

आठ सेकंद लागले. बायकोनं भिंतीवरच्या घड्याळात मोजले होते.