इल्ला म्हणणारे पिसेसर

पिसेसर ऑफिसातला केक कापू द्यायचे नाहीत. म्हणजे द्यायचे, पण आधी माणसं मोजायचे. वाढदिवसवाला चाकू धरून उभा, बाकीचे टाळ्यांच्या तयारीत, आणि सर हवेत बोट टिपत फिरतायत, "ओंदु, एरडु, मूरु..." एकदा तुकडे सोळा आणि माणसं सतरा भरली. सरांनी नव्यानं लागलेल्या मुलीला सगळ्यांदेखत सांगितलं, "नोडम्मा, तुला इल्ला, नाही मिळणार. आत्ताच सांगतो. उगाच आशा नको." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमचा तुकडा तिला द्या की, असं कुणी तरी म्हणालं. "मला गोड चालत नाही," सर म्हणाले, "मी मला मोजलंच नाही."

मी सांगलीची. लग्न करून म्हैसूरला आले आणि सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या एका लहानशा कंपनीत पिसेसरांच्या हाताखाली लागले. त्यांचं घराणं शिंप्याचं, कित्येक पिढ्या म्हैसुरातच. मराठी बोलायचे, पण वाक्य मराठीत निघायचं आणि कन्नडमध्ये पोचायचं. आडनाव ऐकून मला हसू आलं होतं. आमच्याकडे पिसं लागणं म्हणजे वेड लागणं. इथं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी दोन दिवसांत सगळ्या ऑफिसला सांगून टाकलं.

आमचं काम असं. एक भलंमोठं मशीन, आणि त्याच्या पोटात तीस-चाळीस आभासी मशीनं. प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटतं, आपलं मशीन स्वतंत्र आहे. प्रत्येकाला सांगितलेलं असतं, तुझ्याकडे एवढी मेमरी. खरी मेमरी एकच, सगळ्यांत मिळून. त्यामुळे धंदेवाले लोक असते त्यापेक्षा जास्त वाटतात. सगळे एकदम थोडेच मागतात? बहुतेक वेळा खपूनही जातं. पिसेसर मात्र असेल तेवढंच वाटायचे. मशीन भरलं की कितीही मोठं गिऱ्हाईक येवो, "इल्ला."

डबा खाताना मी एकदा कारण विचारलं. सर चित्रान्नाच्या भातातले शेंगदाणे बाजूला काढत म्हणाले, "आमचे अप्पा कुणाला नाही म्हणायचे नाहीत. दसऱ्याआधी येईल त्याचं कापड शिवायला घ्यायचे. देतो म्हणायचे. दसऱ्याच्या सकाळी सगळे दारात. पोरं नुसत्या बनियनवर उभी. अप्पा मागच्या दारानं गेले आणि मला पुढं केलं, सांग म्हणून. मी आठ वर्षांचा होतो."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"इल्ला म्हणालो. दुसरं काय येत होतं?"

मी हसले. तेव्हा मला तो किस्सा वाटला होता.

पुढे बेंगळूरुहून नवे मॅनेजर आले. त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सरांना विचारलं, "पिसे, वाटलेल्यातली निम्मी मेमरी रिकामी पडलेली दिसते. सगळे एकदम कधी मागतात, सांगा बघू?"

"दसऱ्याला," सर म्हणाले.

खोलीभर हशा पिकला. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

सरांकडचं मेमरी वाटायचं काम काढून मला दिलं. सरांनी हरकत घेणारी एक ईमेल लिहिली. 'माझ्या जबाबदारीवर करा,' असं मॅनेजरांचं एका ओळीचं उत्तर आलं. त्याची प्रत मलाही होती. मी भराभर मशीनं वाढवत गेले, होती त्याच्या जवळजवळ दुप्पट. सर कधी माझ्या मागे येऊन उभे राहायचे, स्क्रीन पाहायचे, "अय्यो" म्हणायचे आणि जायचे. दोन महिने काहीही झालं नाही. मॅनेजर मला म्हणाले, बघितलंत?

मग एका सोमवारी सकाळी साड्यांच्या एका बड्या दुकानाची ऑनलाइन विक्री सुरू झाली आणि त्याच तासात एका कॉलेजचा निकाल लागला. जो तो आपली कबूल केलेली मेमरी मागू लागला. ती नव्हतीच. सगळी मशीनं एकदम रांगायला लागली. फोन खणखणत होते. मॅनेजरांनीच सरांना हाक मारली.

सर माझ्या खुर्चीत बसले. म्हणाले, "काही मशीनं बंद केल्याशिवाय बाकीची जगत नाहीत."

"लहान लहान बंद करा," मॅनेजर म्हणाले. "साडीवाल्यांना हात लावायचा नाही. ते आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे."

लहानांच्या यादीत पिरियापट्टणचं एक डायलिसिस केंद्र होतं. कुणाला कधी घ्यायचं, कुणाला काय चालत नाही, ते सगळं त्या मशीनवर. सरांनी यादीवर एकदाच नजर टाकली.

"साडी उद्या घेता येते," ते म्हणाले आणि साडीवाल्यांचं मशीन बंद केलं.

बाकी सगळी दहा मिनिटांत ताळ्यावर आली. साडीवाले तीन तास बंद राहिले, आणि दुसऱ्या दिवशी करार मोडून गेले.

अहवाल लिहायचं काम मला दिलं. 'वरिष्ठ कर्मचाऱ्याचा चुकीचा निर्णय' हे शब्द मॅनेजरांनी सांगितले, मी टाइप केले. ती एका ओळीची ईमेल माझ्याकडे होती. मी ती जोडली नाही. त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती.

अहवालावर सरांची सही लागणार होती. कागद घेऊन मीच गेले. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मी खिडकीकडे बघत उभी होते.

"यात एक चूक आहे," सर म्हणाले.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"मोठं मशीन आधी ज्याच्याकडे रिकामी मेमरी आहे त्याच्याकडून परत घेतं. तेवढ्यानं भागलं नाही, मगच मेमरीतलं डिस्कवर टाकतं. तू क्रम उलटा लिहिलायस." त्यांनी पेनानं दोन वाक्यांवर बाण काढले, खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. "शिकवलं होतं की तुला."

आठवड्याभरात ते कंपनीतून गेले. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही.

महिनाभरानं एका रविवारी दुपारी मी डझनभर केळी घेऊन बोगादीला त्यांचं घर शोधत गेले. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. ईमेलचंही सांगणार होते. दार त्यांनीच उघडलं. आत एकच खुर्ची होती. मला थांबवून ते शेजारून दुसरी घेऊन आले, फडक्यानं पुसली आणि म्हणाले, "बस."

"सर, त्या अहवालाचं..."

"ते बेडा. ते आता नको." त्यांनी कॉफी आणली. "आई गेल्यापासून या घरात कुणी मराठी बोललं नाही. भावाची मुलं येतात, त्यांना येत नाही. तू काहीतरी बोल. काहीही चालेल. मी ऐकतो."

मी सांगलीचं घर सांगायला लागले. आमची म्हैस, पाऊस आला की तिला वळचणीला बांधायचो...

"काय म्हणालीस?"

"वळचण. छपराच्या कडेखालची जागा."

"वळचण," सर म्हणाले. पुन्हा एकदा, हळू म्हणाले. "आई म्हणायची. माझ्याकडून गेला होता तो शब्द."

मी तासभर बोलले. ते डोळे मिटून ऐकत होते, मधूनच "हौदु, हौदु" असा होकार देत. पाठ केलेलं मी काहीच बोलले नाही. निघताना ते फाटकापर्यंत आले.

"पुढच्या रविवारी येतेस?"

"येते की सर," मी म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षं मी म्हैसुरात होते. गेले नाही.