करामातला कुस्को चहा

टूर कंपनी नको, आपली ट्रिप आपणच आखायची, असं मधू सरपोतदारने दुबईच्या करामा भागातल्या आपल्या घरी जेवता जेवता जाहीर केलं, आणि मनोरमाने हातातला घास ताटात परत ठेवला. पुढे काहीतरी निस्तरावं लागणार हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं. (बायकांच्या लक्षात अशा गोष्टी आधी येतात. नवऱ्यांच्या लक्षात त्या खालच्या मजल्यावर पाणी गळायला लागलं की येतात.)

ट्रिप होती पेरू देशाची. मनोरमाने दुबईतच, ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेत वर्षानुवर्षं भूगोल शिकवला होता. इंका लोकांनी डोंगरावर बांधलेलं माचू पिचू तिने फळ्यावर इतक्या वेळा काढलं होतं की खडू हातात आला की पायऱ्या आपोआप उमटायच्या. यंदा ती रिटायर झाली. निरोपसमारंभात मधूनेच माइक ओढून घेतला आणि सांगितलं, "आता हिला फळ्यावरचं माचू पिचू प्रत्यक्ष दाखवणार!" टाळ्या पडल्या. मनोरमाचे डोळे भरून आले. नवरा एवढ्या लोकांसमोर काही बोलला म्हणजे आता ते होणारच, अशी तिची भाबडी समजूत झाली.

अडचण एकच होती. मधूला उंची सोसत नसे. पडायची भीती नव्हे, श्वासाची. मागच्या हिवाळ्यात तिघं जेबेल जैसच्या डोंगरावर निघाली होती. मुलगी मिहिका गाडी चालवत होती आणि मधू मागे बसून मजेत चिवडा खात होता. तेवढ्यात रस्त्याकडेला उंचीची पाटी आली. मधूने ती मोठ्याने वाचली आणि लगेच छातीवर हात ठेवला.

"ऑक्सिजन कमी झालाय!"

"बाबा, द विंडोज आर क्लोज्ड. एसी इज ऑन," मिहिका म्हणाली.

पण मधूचा घसा कोरडा पडला, कान बंद झाले, गाडी वळवावी लागली. खाली आल्यावर त्याने उरलेला चिवडा संपवला.

असा हा माणूस पेरूतल्या डोंगरावरच्या कुस्को शहराला निघाला होता. रोज ऑफिसात एसीच्या पार्टांची कोटेशनं मागवायची सवय, त्यामुळे ट्रिपचीही त्याने रंगीत एक्सेल शीट केली. प्रत्येक गावापुढे उंचीचा कॉलम, तोही लाल रंगात. लिमाला उतरायचं, तिथून थेट कुस्को, मग दरीतली गावं, शेवटी माचू पिचू.

"अहो, हे उलटं झालंय," मनोरमा म्हणाली. "कुस्को वर आहे, माचू पिचू खाली. आधी दरीत ओलांतायताम्बोला राहायचं, अंगाला सवय लावायची, माचू पिचू बघायचं आणि कुस्को शेवटी."

"भग्नावशेष खाली आणि शहर वर? काहीतरीच काय! फोटोत बघ, ढगांच्या वर आहे ते."

जिने उभी हयात तो नकाशा शिकवला तिला त्याने नकाशा समजावून सांगितला. तिने शांतपणे मुळा किसायला घेतला.

मग मधूने नेटवर कुठेतरी वाचलं की तिकडचे लोक दम लागू नये म्हणून कुठलासा पाला चहात घालून पितात. झालं! मॉर्निंग वॉकच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्याने लगेच लिहिलं, 'उंचीवर श्वासासाठी एक पाला घेतात म्हणे. कोणाकडे आहे का?' दोन मिनिटांत खैरुद्दीनचं उत्तर आलं. 'आहे ना. पाठवतो. यल्ला, टेन्शन नको घेऊ.'

खैरुद्दीन मूळचा रत्नागिरीचा, रास अल खोरला त्याचं गोडाऊन. टायरपासून ताडपत्रीपर्यंत त्याच्याकडे मिळत नाही अशी वस्तू नाही, हा करामातला सर्वमान्य समज. त्यामुळे त्याच्याकडे पेरूमधला पाला असावा यात मधूला काहीच नवल वाटलं नाही. दुसऱ्याच दिवशी खैरुद्दीनच्या ड्रायव्हरने फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी आणून दिली. आत वाळलेली, हिरवट, लांबट पानं.

पहिला कप घेतला आणि मधूला फरक पडला. जीभ बधिर झाली. डोकं हलकं झालं. तो लिफ्ट सोडून जिन्याने सहावा मजला चढला आणि म्हणाला, "बघ, धाप आहे का?" (धाप होती. पण त्याला ती जाणवत नव्हती.) तिसऱ्या दिवसापासून तो थर्मास ऑफिसात नेऊ लागला. अख्ख्या परचेस डिपार्टमेंटला त्याने कुस्को चहा पाजला. ग्रुपवर कपाचा फोटो टाकला, 'एकदम किक!' लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचा हमीद भेटला. हमीद एअरपोर्टवर सिक्युरिटीत होता, सदा युनिफॉर्ममध्ये. त्यालाही मधूने झाकणातून दोन घोट दिले.

"पियो पियो, साउथ अमेरिका का पत्ता है. दिमाग खुल जाता है."

हमीदने तोंड वाकडं केलं आणि शुक्रिया म्हणाला.

शनिवारी सकाळी मिहिका स्वयंपाकघरात आली, तिने पुरचुंडी बघितली आणि फोनवर काहीतरी शोधलं. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, इज धिस कोका लीफ? फ्रॉम पेरू?"

"मग! ओरिजिनल."

"बाबा, दॅट्स अ ड्रग हिअर. लाइक, जेल."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मधू सरपोतदार हा खसखशीला घाबरणारा माणूस. खसखस इकडे आणायला बंदी आहे, हे गल्फमधल्या प्रत्येक मराठी घराला पाठ असतं, पण मधूला ते जरा जास्तच पाठ होतं. सासूबाईंनी दिवाळीला दिलेल्या अनारशांवरची खसखस त्याने मुंबई एअरपोर्टच्या बाकावर बसून, चष्मा लावून, टूथब्रशने झाडली होती. एकेक अनारसा. आणि हाच माणूस गेले काही दिवस परचेस डिपार्टमेंटला पाला पाजत होता.

मधूने हातातला कप लांब सरकवला. "मी मॅनेजरलासुद्धा दिला गं. त्यांनी दुसरा कप मागितला."

"फोटो डिलीट करा आधी," मनोरमा म्हणाली.

"होत नाहीये! वेळ गेली म्हणतंय!"

"मी खैरुद्दीनभाईंना फोन करते."

"वेडी आहेस का? फोनवर काही बोलायचं नाही! त्याला बिचाऱ्याला कशाला अडकवतेस?" मधूचा आवाज चिरका झाला. "मिहिका, मला सवय लागली असेल का गं? आत्तासुद्धा प्यावासा वाटतोय."

पाल्याचं करायचं काय? कचऱ्यात टाकावा तर कचऱ्याच्या खोलीबाहेर कॅमेरा. जाळावा तर किचनमध्ये स्मोक अलार्म. बाल्कनीतून फेकावा तर खाली मॉर्निंग वॉकचा ग्रुप उभा. शेवटी मधू पुरचुंडी घेऊन बाथरूममध्ये घुसला, कडी लावली आणि फ्लश ओढल्याचा आवाज आला. पुन्हा ओढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसता पाण्याचा.

"अहो, काय झालं?"

"वर येतंय."

"काय वर येतंय?"

"सगळंच."

"फडक्यासकट टाकलंत?"

उत्तराऐवजी दाराखालून पाणी आलं. मनोरमाने चादर टाकली, मिहिकाने बादली आणली, आणि पाणी त्या दोघींना न जुमानता आपल्या वाटेने गेलं.

थोड्याच वेळात बेल वाजली. मधूने भिजल्या पायांनी दार उघडलं. दारात हमीद, पूर्ण युनिफॉर्ममध्ये.

मधूने दोन्ही हात वर केले. "हमीदभाई, मैंने सिर्फ चाय पी. फॅमिली को कुछ मालूम नहीं!"

"अंकल, मेरे बाथरूम में पानी टपक रहा है," हमीद म्हणाला.

"हो, ते पण माझंच आहे," मधू मराठीतच बोलून गेला.

हमीद भला माणूस. त्याने बाह्या सरसावल्या, मिहिकाकडून कपड्यांचा हँगर मागून घेतला आणि जरा खटपट करून फडकं बाहेर ओढलं. त्यातून भिजलेली पानं टपटप पडू लागली. हमीदने एक पान जवळ धरलं. मधूने डोळे मिटले. मनोरमाला मात्र आता राहवेना. तिने सरळ खैरुद्दीनला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"खैरुद्दीनभाई, तो पाला कसला होता हो?"

"अडुळसा वहिनी! आमच्या घरवालीच्या, मरियमबीच्या माहेरी परसात आहे ना, तिथला. मधू लिहीत होता श्वासाला पाहिजे म्हणून. आमच्याकडे पोरांना खोकला झाला की तोच देतो. का, कमी पडला?"

"पण माझी जीभ बधिर व्हायची," मधू क्षीण आवाजात म्हणाला.

"कडू आहे म्हणून रे, हबीबी."

"आणि डोकं हलकं?"

"त्याचं काय आता मी सांगू?"

मनोरमा बाथरूमच्या उंबऱ्यावरच बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली. "मला वाटलं, गेलं माझं माचू पिचू," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "आता मी ते फळ्यावरच बघणार." मधू तिच्याशेजारी पाण्यात बसला. त्याला इतकं सुटल्यासारखं वाटत होतं की त्याने हमीदला मिठी मारली. हमीदला काहीच कळलं नव्हतं, पण मिठी त्याने नाकारली नाही.

"जाऊया," मधू म्हणाला. "तू म्हणशील तसं. आधी दरी, मग ते माचू पिचू, कुस्को शेवटी."

"नक्की? आणि श्वास?"

मधूने मान खाली घातली. अडुळशाने ज्याला किक बसते त्याने श्वासाबद्दल काय बोलायचं?

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. संध्याकाळी मिहिकाने लॅपटॉप मांडीवर घेतला, आईला विचारत विचारत सगळी ट्रिप नव्याने बसवली आणि शीट बाबांना पाठवली. मधूने चष्मा लावला. गावं होती, आगगाडी होती, हॉटेलं होती, कुठे वरणभातासारखं काय मिळेल तेही होतं. उंचीचा तो लाल कॉलम तेवढा बदललेला होता. प्रत्येक गावापुढे एकच मजकूर होता, अगदी कुस्कोपुढेसुद्धा.

'सेम अॅज दुबई, बाबा.'

मधूने ते दोनदा वाचलं, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंत?"